चार खाती, एक पत्ता

परब सर गेले त्याच्या तेराव्या दिवशी मी फोंडाघाटला गेले. तिथे त्यांच्या पत्नीने मला सांगितलं की चार वर्षांपूर्वी मी ज्या चार खात्यांवर बंदी घातली होती, त्यांतलं एक सरांचं होतं आणि तीन त्यांच्या विद्यार्थ्यांची. मी चहा संपवला. संध्याकाळच्या एसटीने कणकवलीला आणि तिथून मालवणला आले. महिन्याभराने काम सोडलं.

हे काम काय होतं ते आधी सांगायला हवं. माझ्या शेजाऱ्यांनाही ते कधी नीट कळलं नाही. "शुभदा घरात बसान जगातली भांडणां सोडवता," असं आमच्या वाडीत म्हणत. ते फारसं चूक नव्हतं.

वेबसाइट बनवणारे लोक जगभर आहेत आणि ते रोज कुठे ना कुठे अडतात. अडले की इंटरनेटवरच्या एखाद्या मंचावर जाऊन प्रश्न विचारतात, आणि ज्याला ठाऊक असेल तो उत्तर देतो. उत्तर देणाऱ्याला काही मिळत नाही. चांगल्या उत्तराला लोक कौल देतात, तेवढंच. मी अशा एका मंचाची नियामक होते. मंच युरोपातला, भाषा इंग्रजी, माणसं सगळीकडची. आम्ही सहा नियामक सहा देशांत बसत होतो आणि एकमेकांना कधी भेटलो नाही. मी मालवणात, देऊळवाड्याकडच्या आमच्या घरात, पडवीतल्या टेबलावर बसत असे. आईच्या आजारपणामुळे तंत्रनिकेतनातली नोकरी सोडली होती. हे काम आधी हौस म्हणून सुरू केलं, पुढे त्याचा थोडा पगार मिळू लागला. अकरा वर्षं केलं.

आता यात भांडण कुठे आलं? सुतार कपाट करतो, पण बिजागऱ्या आणि कड्या स्वतः घडवत नाही, बाजारातून आणतो. वेबसाइटचंही तसंच आहे. तारीख निवडायचं कॅलेंडर, अर्जाचे रकाने, नकाशा, तक्ते, हे सगळं तयार मिळतं, आणि ते विकणाऱ्या कंपन्या आहेत. प्रत्येक कंपनीला वाटतं की अडलेल्या माणसाने आपलीच बिजागरी घ्यावी. अडलेला माणूस सापडतो कुठे? आमच्या मंचावर. म्हणून कंपन्यांची माणसं तिथे येऊन बसतात.

मालवणच्या जेटीवर किल्ल्याला जाणाऱ्या बोटींसाठी गिऱ्हाईक बोलावणारे असतात. ते ओरडतात, हात धरतात, पण निदान बोटवाला कोण ते दिसतं. त्रास होतो तो दुसऱ्याच माणसाचा. पर्यटकासारखी टोपी घालून, पाण्याची बाटली हातात धरून एक जण तिथे उभा असतो, आणि शेजारच्या कुटुंबाला सहज म्हणतो, "आम्ही काल याच बोटीने गेलो होतो. उत्तम माणूस." तो बोटवाल्याचा मेव्हणा असतो. आमच्या मंचावर बोटवाले थोडे आणि मेव्हणे फार. माझं काम मेव्हणे ओळखायचं.

नियम एकच होता. तुम्ही एखाद्या कंपनीचे असाल तर उत्तराखाली एक ओळ लिहा, की मी या कंपनीत काम करतो. मग हवं तेवढं स्वतःच्या मालाचं कौतुक करा. ओळ नसेल आणि पकडले गेलात तर बंदी, आणि तुमच्या प्रत्येक जुन्या उत्तराखाली एक तांबडी पट्टी: छुप्या प्रचाराबद्दल या खात्यावर बंदी आहे. पट्टी कायमची. ती कायमची असावी हा आग्रह माझाच होता. सहांपैकी दोघे म्हणत होते की वर्षभराने काढावी. मी म्हटलं, मग धाक कसला?

पुष्कळ पकडले. एक जण दहा वाजून चार मिनिटांनी प्रश्न विचारायचा, दहा वाजून सहा मिनिटांनी दुसऱ्या नावाने दीड पानांचं उत्तर द्यायचा आणि सातव्या मिनिटाला पहिल्या नावाने आभार मानायचा. दीड पान वाचायलासुद्धा माणसाला मिनिटभराहून जास्त लागतं. त्याला मी एवढंच लिहिलं की तुम्ही फार भराभर वाचता. तो परत आला नाही.

एकदा एका बिचाऱ्याने विचारलं की माझं पान उघडायला फार वेळ लागतो, काय करू. त्याच्या प्रश्नाखाली दोन कंपन्यांच्या माणसांची जुंपली. आमचं घ्या, त्यांचं जड आहे. त्यांचं हलकं आहे पण फसवं आहे. आलेख, मोजमापं, टोमणे. चाळीसेक उत्तरं झाली. विचारणारा मधे मधे "धन्यवाद, बघतो" म्हणत होता. मी शेवटी त्याचं पान उघडून पाहिलं. त्याने पहिल्याच ओळीत आपल्या दुकानाचा फोटो लावला होता, कॅमेऱ्यातून निघाला तसाच, लहान न करता. तेवढं सांगितल्यावर त्याचं काम झालं. चाळीस उत्तरांत त्याचं पान कुणी उघडलंच नव्हतं.

आणखी एकाचं पत्र आठवतं. कंपनीचाच माणूस होता, दूर कुठल्या देशातला. त्याने लिहिलं होतं, "माझी या आठवड्याची पाच उत्तरं नियमात बसत नाहीत हे मला माहीत आहे. तुम्ही ती काढून टाका, पण कृपा करून शुक्रवारनंतर काढा. शुक्रवारी साहेबांना दाखवायची असतात." मी शनिवारी काढली. नियमाच्या बाहेर जाऊन मी केलेलं ते एकच काम, आणि तेही एका खोटं बोलणाऱ्यासाठी. पुढे मला याची वारंवार आठवण झाली.

कंपनीच्या माणसांत एक सज्जनही होता. त्याच्या नावापुढे चित्र म्हणून काळी छत्री असे, म्हणून मी मनात त्याला छत्रीवाला म्हणायची. अर्जाच्या रकान्यांचा महागडा संच विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा तो माणूस, बंगळूरला बसायचा. प्रत्येक उत्तराखाली ओळ लिहायचा. दुसऱ्याचं उत्तर बरोबर असेल तर स्वतःहून कौल द्यायचा. कुणी उद्धट बोललं तरी नमस्कार करून बाजूला व्हायचा. कुठे गैरप्रकार दिसला की आम्हाला कळवायचा, आणि त्याची तक्रार कधी खोटी निघाली नाही. बाकीच्या गोंगाटात असा एक माणूस असला की त्याच्याकडे बघून बरं वाटतं.

आता परब सर.

कुडाळजवळच्या तंत्रनिकेतनात आम्ही चौदा वर्षं एका खोलीत बसलो. ते फोंड्याहून, म्हणजे फोंडाघाटहून यायचे, मी मालवणहून. दोघांचीही गाडी चुकली की पहिला तास बुडायचा आणि प्राचार्य दोघांनाही एकत्र बोलवायचे. सर कमी बोलत. पुस्तकं आणत, वाचून झाली की माझ्या टेबलावर ठेवत, कशी वाटली ते विचारत नसत. तोंडी परीक्षेच्या वेळी आमची एक रीत होती. समोर ओळखीचा मुलगा आला, कुणाचा भाचा, कुणाचा शेजारी, की तो परीक्षक उठून दुसऱ्या टेबलावर जायचा आणि तिथला इकडे यायचा. काही बोलायचं नाही. फक्त उठायचं. ही रीत सरांनी सुरू केली. सिंधुदुर्ग एवढासा जिल्हा, प्रत्येक जण कुणाचा तरी कुणीतरी लागतो. परीक्षेच्या दिवशी आमच्या खुर्च्या सारख्या हलत असायच्या. शिपाई म्हणायचा, "ह्यो परीक्षा की संगीत खुर्ची?"

मला ती रीत पटायची, कारण माझे वडील सावंतवाडीला मुख्याध्यापक होते आणि मी त्यांच्याच शाळेत शिकले. माझा पेपर ते स्वतः तपासत आणि दोन गुण कमी देत. ओळखीचा म्हणून जास्त कडक व्हायचं, हे माझ्या अंगात तिथूनच आलं. सरांचं तसं नव्हतं. ते कडकही होत नसत आणि सैलही. ते नुसते उठत. हा फरक मला तेव्हा दिसला नाही.

मी नोकरी सोडली, पुढे सरही निवृत्त झाले. ते काय करतात हे मी फारसं विचारलं नाही. गावच्या वाचनालयाच्या माडीवर काहीतरी वर्ग घेतात एवढं ऐकून होते.

चार वर्षांपूर्वी छत्रीवाल्याची तक्रार आली, नेहमीसारखी सभ्य. "खुंटा नावाच्या एका नव्या साधनाचं कौतुक चार खाती करत आहेत. चौघांनीही ओळ लिहिलेली नाही. आपण पाहावं."

मी पाहिलं. खुंटा म्हणजे होडी किंवा गुरं बांधायचा खुंटा. एक छोटा फुकट मिळणारा प्रोग्रॅम होता तो. वेबसाइटवर लांबलचक अर्ज भरताना मधेच इंटरनेट गेलं तर भरलेलं सगळं पुसलं जातं. खुंटा ते धरून ठेवायचा आणि इंटरनेट परत आलं की पुढे पाठवायचा. छत्रीवाल्याच्या कंपनीच्या संचात हीच सोय होती, पण ती विकत होती. चार खाती वेगवेगळ्या प्रश्नांखाली लिहीत होती की खुंटा वापरून बघा, आम्हाला उपयोग झाला. मी चौघांचे पत्ते काढले. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक जोडणीला एक आकडा असतो, तो आम्हा नियामकांना दिसायचा. चौघांचा आकडा एकच. ठिकाण पुणे.

चार खाती, एक पत्ता. आमच्या धंद्यात याहून मोठा पुरावा नसतो.

नाव मराठी आहे हे मला दिसलं होतं. ते लपवत नाही. दिसलं आणि मी जास्त कडक झाले. नॉर्वेतला आमचा मुख्य नियामक पुढेमागे म्हणेल की शुभदाने आपल्या भाषेच्या माणसाला सोडलं, असं मनात आलं. एरवी अशा प्रकरणात मी आधी एक इशारा पाठवायची. या वेळी पाठवला नाही, सरळ चारही खात्यांवर बंदी घातली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या खात्याकडून पत्र आलं. इंग्रजीत, सहा ओळींचं. मला ते आता पाठ आहे. "खुंटा मी लिहिला आहे. हे उत्तराखाली लिहायला हवं होतं. तुमचा नियम मी नीट वाचला नाही, ही माझी चूक. बाकीचे तिघे तो वापरतात आणि त्यांना जे वाटलं ते त्यांनी लिहिलं. आम्ही चौघे एका खोलीत बसतो, कारण आमच्या गावात चांगली जोडणी एकाच जागी आहे. माझ्यावरची बंदी राहू द्या. त्यांच्यावरची काढा." खाली नाव नव्हतं. आमच्याकडे खात्याच्या नावाने पत्र लिहायची पद्धत होती. नियामक मात्र स्वतःचं नाव लिहीत. बंदीच्या आदेशाखाली माझं नाव होतं.

पकडलेला प्रत्येक जण म्हणतो की आम्ही एका खोलीत बसतो. अशा पत्रांसाठी आमच्याकडे तयार उत्तरं होती, एक ते सात. मी चार नंबर पाठवलं. "आपण दिलेली माहिती आम्ही विचारात घेतली आहे. निर्णय कायम आहे." मी ती विचारात घेतली नव्हती.

मालवणात बसून मला हे कळायला हवं होतं. माझ्या स्वतःच्या घराची जोडणीसुद्धा पत्त्यांच्या त्याच यादीत पणजी दाखवत होती. तारा कुठून येतात त्यावर ते ठरतं. मी, भावजय आणि वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, तिघांचा पत्ता एकच होता. घाटाखालच्या गावात अर्ज भरायला माणसं कशी एका जागी गोळा होतात हे मी लहानपणापासून बघत आले. दूरच्या पाच नियामकांना हे ठाऊक नसणं समजू शकतं. सहांतली मी एकटीच होते जिला ठाऊक होतं.

त्यानंतर सर मला एकदा भेटले. कुडाळला एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही एकाच पंगतीत बसलो. सरांनी विचारलं, "काय बाई, परीक्षा चालू आहेत की नाही तुमच्या?" माझ्या कामाला ते तसंच म्हणत. मी खुलले. घरी माझ्या कामाचं कुणी विचारायचं नाही. मी त्यांना मेव्हण्यांची गोष्ट सांगितली, दीड पान मिनिटात वाचणाऱ्याची सांगितली, आणि मग म्हटलं, "पण सगळ्यात सोपं काय, सर? पत्ता. चार-चार जण मिळून एकाच वस्तूचं कौतुक करतात, आणि पत्ता एकच. मग काय बोलणार?"

सर भात कालवत होते. म्हणाले, "जोडणीच एक असेल तर?"

"सगळे तेच म्हणतात, सर."

"म्हणत असतील," ते म्हणाले. मग वाढप्याला हाक मारून त्यांनी माझ्या वाटीत सोलकढी घालायला सांगितली. आणि मी नुकतंच वाचलेलं एक पुस्तक मागितलं. मी ते पोस्टाने पाठवलं. त्यांनी वाचून परत पाठवलं, आत नेहमीप्रमाणे काही न लिहिता.

तेराव्याला जेवणं झाली, पाहुणे पांगले. वैजयंती वहिनी, म्हणजे परब सरांच्या पत्नी, मला मागच्या पडवीत घेऊन गेल्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, की वाचनालयातला वर्ग आता कोण घेणार.

"वर्ग खंयचो?" वहिनी म्हणाल्या. "तुमचा ता झाला तेवा पोरां गळली. एक रूपाली तेवडी येय होती."

मला समजलं नाही. मी म्हटलं, "माझं काय झालं?"

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. "तुमका खराच म्हायत नाय? ता खुंट्याचा?"

मग त्यांनी सांगितलं. वाचनालयाच्या माडीवर सर चार-पाच जणांना वेबसाइट बनवायला शिकवत होते. खाली लोक शिष्यवृत्तीचे, दाखल्यांचे अर्ज भरायला येत. तीन पानं भरून झाली की इंटरनेट जाई, आणि माणसं पुन्हा रांगेत उभी राहत. सरांनी ते रोज बघितलं आणि खुंटा लिहिला. विद्यार्थ्यांना सांगितलं की मंचावर अडलेला माणूस दिसला तर सांगा, आपल्याला उपयोग झाला तसा त्याला होईल.

"माका वाटला तुमका ठावक आसा," वहिनी म्हणाल्या. "म्हणान मी कधी विषय काढूक नाय. मी तेंका सांगलंय, शुभदाबायक एक फोन करा. येवडी वर्षां एका खोलीत बसलास, ती काय नाय म्हणतली? तर म्हणाले, 'ती परीक्षक आसा. परीक्षकाच्या घराक जाऊचा नसता.'"

मी कप खाली ठेवला.

"रागान नाय हां म्हणाले," वहिनी पुढे म्हणाल्या. "हसान म्हणाले. तुमचा नाव घेतल्यार ते कधी रागान बोलले नाय. चाय निवली, घेवा."

सरांनी मला ओळख दिली असती तर मी टेबल सोडून उठले असते. प्रकरण दुसऱ्या नियामकाकडे गेलं असतं. कदाचित त्यानेही तेच केलं असतं, कदाचित नसतं. पण त्यांनी ओळख दिली नाही, कारण ओळख दिली की मला उठावं लागतं, आणि तसं करणं त्यांना सवलत मागण्यासारखं वाटलं असणार. आम्ही दोघांनीही आपापला नियम पाळला.

रूपालीला मी त्याच दिवशी भेटले. ती वहिनींच्या मदतीला आली होती, भांडी आवरत होती. तिशीची असेल. चौघांतली ती एकटी होती जिने खात्याला स्वतःचं खरं नाव दिलं होतं. कोल्हापूरच्या एका कंपनीत तिचं काम जवळजवळ ठरलं होतं. त्यांनी विचारलं, तुमचं काही लिहिलेलं दाखवा. तिने अभिमानाने मंचावरचं पान दाखवलं, त्या आठवड्यात तिथे पट्टी लागली होती. त्यांनी कळवतो म्हटलं आणि कळवलं नाही. आता ती फोंड्यातल्या एका काजू कारखान्याच्या कचेरीत होती.

मी तिला म्हटलं, "मी ती पट्टी काढते."

ती हात पुसत म्हणाली, "काढा, मॅडम. पण सरांची आधी काढा. माझं काय, मी जिवंत आहे, तोंडाने सांगू शकते." मग थांबून म्हणाली, "तुम्ही इथल्याच, ना? सर आम्हाला सांगायचे, मॅडम मालवणच्या आहेत, हुशार आहेत, त्यांना कळेल. आम्ही वाट बघत होतो."

मालवणला आल्यावर मी मुख्याला सगळं लिहिलं. आग्रहाने कायमची करून घेतलेली पट्टी काढायची तर सहांची संमती लागत होती, हाही माझाच नियम. तीन आठवडे गेले. मधल्या काळात मी छत्रीवाल्यालाही पत्र लिहिलं. का लिहिलं ते सांगता येत नाही. बहुधा दोष थोडा वाटून घ्यावा असं वाटलं असेल. त्याने लगेच उत्तर दिलं, नेहमीसारखं नम्र. त्याला वाईट वाटलं होतं आणि ते खरं असावं. "मी फक्त पाहावं असं लिहिलं होतं, मॅडम," तो म्हणाला. "पाहिलं तुम्ही." यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं.

संमती आली. मी चारही पट्ट्या काढल्या, सरांची आधी. चारही खात्यांच्या पानावर लिहिलं की ही बंदी चुकीची होती आणि चूक नियामकाची होती, आणि खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. मग राजीनामा दिला. मुख्याने थांबायचा आग्रह केला, पण फार नाही. मंचावर तसंही आता फारसं कुणी येत नाही. लोक अडले की एआय म्हणतात त्या यंत्राला विचारतात, यंत्र क्षणात उत्तर देतं. कंपन्या आता त्या यंत्राच्या कानाशी लागल्या आहेत असं म्हणतात. त्यातलं मला कळत नाही.

एकदा मीही त्या यंत्राला विचारलं, खुंटा कसा आहे. त्याने छान माहिती दिली आणि शेवटी लिहिलं, की या साधनाचा खोट्या खात्यांवरून प्रचार झाल्याच्या तक्रारी होत्या, तेव्हा जपून वापरावं. यंत्राने आमचा मंच पूर्वीच वाचून ठेवलेला आहे, पट्टीसकट. इतर कित्येक साइटींनीही आमची पानं उतरवून घेतली होती, तिथेही पट्टी तशीच आहे. मी त्यांतल्या काहींना पत्रं लिहिली. एकाचं तयार उत्तर आलं. त्यांचा नंबर कितवा ते मला माहीत नाही, पण मजकूर ओळखीचा होता.

पावसाळ्याआधी मी पुन्हा फोंड्याला जाऊन आले. सरांची पुस्तकं वहिनींनी वाचनालयाला दिली होती; ती लावायला मदत केली. माडीवरचा वर्ग बंद आहे. खाली अर्ज भरणाऱ्यांची रांग असते. एक म्हातारे गृहस्थ नातवाचा अर्ज भरून घेत होते, मधेच इंटरनेट गेलं. ते घाबरून रूपालीकडे बघू लागले. ती रविवारी तिथे येते.

"बसा, काका," ती म्हणाली. "खंय जाऊचा नाय ता."

दहा मिनिटांनी इंटरनेट आलं आणि अर्ज गेला.

खुंटा अजून चालतो. रूपाली तो सांभाळते. लिहिणाऱ्याचं नाव म्हणून त्यात परब सरांचं नाव आहे आणि खाली तिचं. आमच्या जिल्ह्याबाहेर तो कुणी वापरत असेल असं वाटत नाही. माझं त्यात काही नाही.